सिम्युलेटरचा एक तास, आणि पिक्चरमधले पायलट डोक्यातून उतरले

भाच्याच्या अठराव्या वाढदिवसाला काय द्यावं ते सुचेना, शेवटी विमाननगरच्या बाजूला एक फ्लाइट सिम्युलेटरवाले आहेत त्यांच्याकडे एक तासाचा स्लॉट बुक केला. नाव लिहीत नाही कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत. पाचपैकी चार.

भाचा पिक्चरचा किडा, आदल्या रात्री आम्ही परत 'सली' बघितलेला, म्हणजे दोन्ही इंजिनं गेल्यावर न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरवणाऱ्या पायलटचा पिक्चर, त्यामुळे पठ्ठ्या पोचल्या पोचल्या म्हणतो सर, दोन्ही इंजिनं बंद करा ना. शिकवायला एक रिटायर्ड कॅप्टन होते, ते म्हणाले आधी लोहगाववरून टेकऑफ तर कर बाळा.

कॉकपिट एअरबस ए३२० चं. पिक्चरमधे दोन्ही हातांनी दात-ओठ खात ओढतात ते दांडकं इथे नाहीच, कॅप्टनच्या डाव्या हाताला एक छोटीशी साइडस्टिक, बास. भाच्याने ती अशी ओढली की कॅप्टन म्हणाले, "अरे दोन बोटं पुरतात, म्हैस बांधलीये का त्याला?"

मला सगळ्यात भारी वाटलं ते टेकऑफचं. रनवेवर पळताना उजवा हात थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावर ठेवायचा, आणि व्ही वन हा ठरलेला वेग आला की काढून घ्यायचा. का? तर तिथून पुढे थांबायला रनवे पुरणार नाही, एक इंजिन गेलं तरी उडायचंच, आणि हात तिथेच राहिला तर माणूस घाबरून लिव्हर मागे ओढेल. एवढासा हात उचलणं, पण अंगावर काटा आला राव. पिक्चरवाले मात्र आपले लाल दिवे आणि घाम दाखवतात, हिरो एकटाच सगळी बटणं दाबतोय आणि शेजारचा "सर आता काय होणार" करत बसलाय. खरं तर एक जण उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओ बघतो, चेकलिस्ट वाचतो, आणि कॅप्टन चुकला तर त्याने टोकायचंच असतं.

मग तीन हजार फुटांवर इंजिनं बंद. मला वाटलं दगडासारखं पडणार, छे, नाक जरा खाली धरून वेग सांभाळला की तरंगत येतं. भाचा विचार करत बसला आणि रनवेच्या अलीकडेच आपटला, दुसऱ्यांदा लगेच वळला तर पोचला. तेव्हा कॅप्टन म्हणाले हडसनचं हेच तर होतं. १५ जानेवारी २००९, विमानात १५५ माणसं, पक्षी धडकल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत २०८ सेकंद. नंतर चौकशीत सिम्युलेटरवर लगेच वळणारे काही जण विमानतळावर पोचले, पण विचाराला ३५ सेकंद धरल्यावर नाही जमलं. पिक्चरमधे हे बरोबर घेतलंय, फक्त चौकशीवाल्यांना व्हिलन केलंय तो मसाला. "माय एअरक्राफ्ट", "युअर एअरक्राफ्ट", म्हणजे विमान आता कोण उडवतंय ते एकमेकांना सांगणं, हे पण खरं, आरडाओरडा नाही काही नाही.

उतरताना विमान "रिटार्ड, रिटार्ड" ओरडतं, भाच्याला वाटलं आपल्यालाच शिव्या घालतंय 😂 लिव्हर मागे घ्या असा अर्थ आहे.

आता तक्रारी. ब्रीफिंगची पंधरा मिनिटं आमच्याच तासातून कापली, एसी नावाला, सीट हलत नाही त्यामुळे वळण पोटात जाणवत नाही, आणि व्हिडिओचे पैसे वेगळे, हे बुकिंग करताना कोणी बोललं नव्हतं. कॅप्टनांसाठी मात्र परत जाईन.

जाणार असाल तर वीकडेला सकाळी जा, आणि ब्रीफिंग तासात धरतात का ते फोनवरच विचारून घ्या.