स्ट्रक्चरल ऑडिटच्या नावाखाली आमच्या सोसायटीचे 29,35,000 रुपये बुडाले

मुंबईलगतच्या एका शहरात आमची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे आणि इमारतीचे वय तीस वर्षांच्या पुढे गेले आहे. एवढ्या जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे तिच्या मजबुतीची अभियंत्याकडून तपासणी, आदर्श उपविधींनुसार दर 3 वर्षांनी करावेच लागते, त्यामुळे आम्ही हौसेने पैसे उधळले असे कोणी समजू नये. सचिव म्हणून प्रत्येक धनादेशावर माझी सही आहे. सोसायटीच्या जिन्यात सभासद समोर आले की मान खाली घालावी लागते. तरीही हे लिहितो आहे, कारण आम्हाला फसवणारा ऑडिटर आणि त्याचा ठेकेदार आजही दुसऱ्या सोसायट्यांचे दरवाजे ठोठावत आहेत.

ऑडिटची फी 1,35,000 रुपये ठरली, ती आम्ही आगाऊ दिली. अहवाल आला तो जाडजूड, रंगीत आलेखांचा, महापालिकेच्या नोंदणी क्रमांकाचा शिक्का मारलेला. त्यात इमारत ‘सी-2 ए’ वर्गात टाकली होती, म्हणजे घरे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी लागेल अशा वर्गात. विशेष सर्वसाधारण सभेत या ऑडिटरने 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला कोसळलेल्या इमारतीची छायाचित्रे पडद्यावर दाखवली. त्या दुर्घटनेत 17 माणसे गेली होती. ज्या सभागृहात म्हातारी माणसे आणि लहान मुलांचे आईबाप बसलेले असतात, तिथे ती छायाचित्रे पाहिल्यावर तीन कोटेशने मागवू या असे म्हणण्याची कोणाची छाती होते, हे आम्हाला नावे ठेवणाऱ्यांनी सांगावे. घरे रिकामी न करता काम उरकून देणारा ठेकेदार त्यानेच सुचवला. ऑडिटरने सुचवलेल्या ठेकेदाराला काम कधीही देऊ नका. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकाच खिशातले असतील तर रोग मोठाच निघतो.

आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागत नाही ती सांगतो. अहवालात आमच्या 34 कॉलमांचे ‘हाफ सेल पोटेन्शियल’ चाचणीचे, म्हणजे काँक्रीटमधल्या सळईचा गंज विजेच्या दाबावरून ओळखणाऱ्या चाचणीचे, आकडे दिले होते आणि बहुतेक सगळे उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडचे होते. तांबे आणि मोरचुदाच्या इलेक्ट्रोडने मोजलेला आकडा या मर्यादेपलीकडे गेला, तर सळईला गंज चढत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक मानतात, हे खरेच आहे. पण ही चाचणी करताना व्होल्टमीटरची एक तार थेट सळईला जोडावी लागते. त्यासाठी गिलावा आणि त्याखालचे काँक्रीटचे कव्हर फोडून सळई उघडी करावीच लागते, आणि दुसऱ्या टोकाचा इलेक्ट्रोड ओल्या स्पंजातून काँक्रीटवर टेकवावा लागतो. आमच्या पार्किंगमध्ये एकही सळई उघडी केलेली नव्हती. माणसे आली, गिलाव्यावरच रिबाऊंड हॅमर, म्हणजे काँक्रीटचा कठीणपणा मोजणारा हातोडा, ठोकून गेली. तोसुद्धा उघड्या आणि घासून गुळगुळीत केलेल्या काँक्रीटवर चालवायचा असतो. मी तिथे उभा होतो आणि भिंती न फोडता, धूळ न उडवता काम झाले याचे मला बरेच वाटले होते. अखंड गिलावा डोळ्यांसमोर होता, सळईचे आकडे हातात होते, आणि या दोहोंचा मेळ बसत नाही हे सांगणारा एकही माणूस आमच्यात नव्हता. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. मिलिव्होल्टचा अर्थ मला ठाऊक असावा अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तुमच्याकडे ऑडिट चालू असेल तर प्रत्येक चाचणीच्या जागेचा, फोडलेल्या खड्ड्यासकट, फोटो मागा.

उपाय म्हणून कार्बन फायबर रॅपिंग, म्हणजे कॉलमांना कार्बनच्या धाग्यांचे कापड गुंडाळणे, सुचवले गेले. 1995 च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये खांबांना असे कापड राळेने गुंडाळून बळकट करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली, आपल्याकडेही चांगले अभियंते ती वापरतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधले तेव्हा सगळे खरेच निघाले. खऱ्या शास्त्राचा आधार घेऊन केलेली ही लबाडी आहे. पहिला हप्ता 18,60,000 रुपये, काम सुरू झाल्यावर दुसरा 9,40,000 रुपये. दोन्ही सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतून, आणि सभासदांच्या वर्गणीतून. पार्किंगमधले 9 कॉलम काळे चकचकीत करून ठेकेदाराची माणसे जी गेली ती परतलीच नाहीत. मग एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकांना बोलावले. त्यांनी एका कॉलमच्या तळाशी कापडाची कड पटाशीने उचलली. वरचा काळा थर सुटला आणि आत पांढरेशुभ्र धागे निघाले. ते काचेचे कापड होते, त्यावर काळा रंग घातलेली राळ फासली होती. कार्बनच्या धाग्यातून वीज वाहते, काचेच्या वाहत नाही; वरची राळ घासून मल्टिमीटर लावला तरी फरक कळतो. कॉलमचे कोपरे गोल केलेले नव्हते, त्यामुळे कापड तिथे आधीच ताणून चिरले होते. संताप याचा आहे की आतली गंजलेली सळई साफ न करता, खराब काँक्रीट न काढता वरून गुंडाळले. म्हणजे गंज आत चालूच आहे आणि बाहेरून दिसणार मात्र नाही.

तक्रारीची गोष्ट याहून वाईट. पोलीस ठाण्यात सांगितले की करार झालेला आहे, काम अर्धवट आहे, म्हणजे हा दिवाणी वाद. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक इथे बसत नाही, असेही तिथेच ऐकवले. न केलेल्या चाचणीचे आकडे लिहून पैसे घेणे फसवणूक नसेल तर फसवणूक म्हणायचे कशाला? महापालिकेच्या कार्यालयात अहवालाची पोच मिळाली होती, पण अहवाल खोटा आहे म्हटल्यावर उत्तर मिळाले की आम्ही फक्त दाखल करून घेतो, तपासत नाही. शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक भलत्याच अभियंत्याचा निघाला, तरी त्यावर कारवाई कोणी करायची हे त्या इमारतीत एकालाही सांगता आले नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाने उलट आमच्याच समितीला खुलासा मागितला. वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे, परिषद आहे. स्थापत्य अभियंत्यांना परवाना देणारा आणि काढून घेणारा तसा देशव्यापी कायदा आजही नाही, आणि याच फटीतून असले लोक सुटतात. 14 मार्च 2019 रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला, तेव्हा त्याचेही ऑडिट झालेले होते आणि ऑडिटरला अटक झाली होती. माणसे मेल्यावर जो गुन्हा दिसतो तो मरण्याआधी का दिसू नये, याचे उत्तर मला एकाही टेबलावर मिळाले नाही.

बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर रद्द झालेला दिसतो. पैसे देण्याआधी हे पाहायला पाच मिनिटे लागतात. अभियंत्याचा नोंदणी क्रमांक महापालिकेतून लेखी पडताळून घ्या, अहवालावरच्या शिक्क्यावर जाऊ नका. कापडाच्या गुंडाळ्या उघडण्याआधी कंपनीचे चाचणी प्रमाणपत्र आणि बॅच क्रमांक जुळवा. प्राध्यापकांनी गिलावा फोडून, काँक्रीटचा अल्कधर्मीपणा उरला आहे का हे रंगावरून दाखवणारे फिनॉल्फ्थॅलीन फवारून, कोअर म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने काढून तपासले तेव्हा फक्त 5 कॉलमांना खरी दुरुस्ती लागते असे निघाले आणि घरे रिकामी करण्याचे कारणच उरले नाही. त्या पाचांपैकी तीन काळ्या कापडाखाली आहेत. ते कापड उतरवण्याचा खर्च सभासदांवर वेगळा बसणार आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आम्ही तक्रार दाखल केली आहे. ज्यांच्या अहवालात गिलावा न फोडता हाफ सेलचे आकडे आले असतील त्यांनी तो तक्ता जपून ठेवावा, कारण शेजारच्या उपनगरातील एका सोसायटीच्या अहवालात आमचेच 34 आकडे, त्याच क्रमाने, छापलेले आम्हाला सापडले आहेत आणि आयोगापुढे आमचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे.