ब्लू टँगच्या व्यवहारात झालेली फसवणूक : खाऱ्या पाण्याचा टँक असणाऱ्यांनी वाचावं

"मासा आमच्याकडून ठणठणीत निघाला होता, तुम्हीच नीट सेट केला नाही." कुरियरने मागवलेला मासा दगावला की विक्रेता हेच ऐकवतो. माझे साडेचार हजार रुपये याच वाक्यावर बुडवले गेले, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मला रीगल ब्लू टँग हवा होता, 'डोरी' म्हणून विकतात तो. एका ऑनलाइन विक्रेत्यानं व्हिडिओ पाठवला. पोट भरलेला, पेलेट टिपून खाणारा सुंदर मासा, शेपटीच्या वरच्या टोकाला बारीकशी खाच. फोनवर म्हणाला, "दादा, टँक-ब्रीड आहे, तीन आठवडे क्वारंटाइन केलाय, पाणी १.०२५ वर आहे." टँक-ब्रीड म्हणजे टाकीतच पैदास झालेला, आणि १.०२५ हा पाण्याच्या खारेपणाचा आकडा, साधारण समुद्राइतका. यातलं एकही खरं नव्हतं. ब्लू टँगची टाकीत पैदास करून पिल्लं वाढवणं पहिल्यांदा जमलं ते २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. बाजारात येणारे बहुतेक आजही समुद्रातूनच पकडलेले असतात.

पिशवी आली. नवा मासा आला की मी आधी पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, बघतो. आकडा आला १.०१७. दुकानात मीठ कमी ठेवलं की मिठाचा खर्च वाचतो आणि परजीवींचा जोरही थोडा कमी पडतो. पण तिथला मासा तासाभरात १.०२५ च्या पाण्यात सोडला तर त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. जास्त मिठातून कमी मिठात जाणं माशाला त्यामानानं सोपं असतं, उलटा प्रवास मात्र काही दिवसांत, थोडाथोडा करावा लागतो. मी क्वारंटाइन टँकमध्ये आरओचं पाणी घालून तो १.०१७ वर आणला, तापमान जुळवलं आणि पिशवीतलं पाणी न घेता मासा आत सोडला.

विक्रेत्याच्या चिठ्ठीत वेगळंच होतं: पिशवी उघडा आणि चार तास तिच्यात टँकचं पाणी थेंब थेंब सोडत राहा. लांबून आलेल्या पिशवीसाठी ही सूचना घातक आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो. त्याच पाण्यात माशाला चार तास ठेवायचं? हमीची अट तर त्याहून कमाल होती. मासा सीलबंद पिशवीत मेलेला असेल आणि दोन तासांत फोटो पाठवला तरच पैसे परत. म्हणजे चिठ्ठी पाळायला पिशवी उघडली की हमी तिथेच संपली.

टँकमध्ये सोडल्यावर मासा नीट दिसला. पोट खपाटीला गेलेलं, शेपटीवर खाच नाही. व्हिडिओतला मासा हा नव्हताच. नोरीला, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळालासुद्धा, तोंड लावेना. थोड्याच दिवसांत अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके उठले. पिशवीतलं थोडं पाणी मी बाजूला काढून ठेवलं होतं. ते कॉपर किटनं तपासलं तर त्यात तांबं निघालं. कमी मीठ आणि तांब्याचं औषध असलं की पांढरे ठिपके दबून राहतात, रोग मात्र गेलेला नसतो. मी रीतसर मात्रेत उपचार सुरू केले, पण उपाशी जीव किती तग धरणार? गेला. फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या जिवासाठी.

विक्रेत्याला आकडे आणि फोटो पाठवले. उत्तर आलं ते वर लिहिलेलं वाक्य, आणि नंबर ब्लॉक. पुढे नाशिकच्या एका ओळखीच्यानं त्याला आलेला व्हिडिओ दाखवला. तोच मासा, शेपटीला तीच खाच.

आता मी पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलच मागतो. टाकीपुढे माझ्या नावाची चिठ्ठी धरलेली, मासा माझ्यासमोर खाताना, आणि त्याच टाकीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर. 'नेटवर्क नाही' म्हणणाऱ्याकडून मासा घेऊ नका. पिशवी उघडताना सलग चित्रण करा आणि पेलाभर पाणी झाकण लावून जपून ठेवा. क्लाउनफिश हवा असेल तर खरोखर टँक-ब्रीड मिळतो. सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे कधीचंच बसवलंय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, मी तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. शेपटीला खाच असलेल्या ब्लू टँगचा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल तर तो डिलीट करू नका, पैसे भरल्याच्या पावतीसह तुमचीही तक्रार नोंदवा.