जुनी माउंटन बाइक, इंग्लंडचा हिवाळा: टायर, मडगार्ड आणि ब्रेक रबर पारखून

पुण्या-नाशकात थंडी पडली की सायकली बाहेर निघतात. इंग्लंडात उलटं. ऑक्टोबर सरला की लाडकी सायकल घरात जाते आणि पाऊस, चिखल आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ खायला दुसरी लागते. त्या कामाला १९९० च्या दशकातली, पुढे सस्पेन्शन नसलेली, स्टीलच्या फ्रेमची २६ इंची माउंटन बाइक फार चांगली. रोड बाइकच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांत, जाड टायर आणि मडगार्ड दोन्ही क्वचितच मावतात. हिच्यात रबराच्या गोट्या असलेल्या ५० मिलिमीटर रुंद टायरसाठी जागा सोडलेलीच असते. शिवाय सात-आठ गिअरची चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) स्वस्त मिळतात, आणि हिवाळ्यात झिजून संपणारा माल तोच असतो.

पैसे तीनच ठिकाणी घालावेत: टायर, मडगार्ड, ब्रेक रबर.

टायर घेताना पहिली चूक मापातच होते. या चाकांचं खरं माप ५५९, म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. टायरवर ‘४०-५५९’ असं छापलेलं पाहूनच घ्या; ४० ही टायरची रुंदी. २६ × १.५ आणि २६ × १ १/२ हे गणितात एक असले तरी सायकलीच्या दुकानात एक नाहीत. अपूर्णांकवाला टायर ५८४ च्या रिमचा. जुन्या काळ्या सायकलींचा २६ × १ ३/८ तर ५९० चा. दोन्ही इथे बसत नाहीत.

आमची पसंती श्वाल्बे मॅरेथॉनला, ४०-५५९ मापात. आत पंक्चर रोखणारा ३ मिलिमीटरचा ग्रीनगार्ड थर, बाजूला प्रकाश परतवणारी पट्टी. टायर जड आहे आणि चढावर ते कळतं. पण दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांत पावसाने रस्त्यावर गारगोटीचे धारदार कपचे वाहून येतात, आणि शरदात कुंपणं छाटली की हॉथॉर्नचे काटे पसरतात. चार अंशात, ओल्या हातमोज्यांनी ट्यूब बदलण्यापेक्षा हा भार परवडला. मॅरेथॉन प्लसमध्ये असा थर ५ मिलिमीटरचा. पंक्चर त्याहून कमी, पण टायर लाकडासारखा चालतो आणि रिमवर चढवताना अंगठे सोलवटतात. रोज अंधारात कामावर जाणाऱ्यानेच तो घ्यावा. अगदी गुळगुळीत टायर ओल्या डांबरावर घसरतो हा गैरसमज आहे, सायकलीच्या वेगाला पाणी कापायला नक्षी लागत नाही. गुळगुळीत टायर हिवाळ्यात नको तो पातळ थर आणि काट्यांमुळे.

माणूस ७५ किलोच्या आसपास असेल तर हवा पुढे ५०, मागे ६० पीएसआय पुरे. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहा म्हणजे झालं. दगडासारखा फुगवलेला टायर खड्ड्यात उडतो आणि ओल्या वळणावर पकड सोडतो.

५० ऐवजी ४० मिलिमीटरचा टायर घातला की चाकाचा घेर साधारण तीन टक्क्यांनी कमी होतो, म्हणून ‘आता पुढची मोठी चक्ती घ्यावी लागेल’ अशी शंका येते. गरज नाही. पुढे ४२ आणि मागे ११ दातांवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेसात मीटरच्या वर जाते, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांत ताशी ४१ किलोमीटर. जानेवारीतल्या वाऱ्यात एवढ्या वेगाने कोण जातंय?

खरी कसोटी मडगार्डची. एसकेएस कंपनीचे ब्लूमेल्स किंवा त्याच पठडीतले पूर्ण लांबीचे मडगार्ड घ्या. सीटच्या नळीला चिमटा लावून बसणारं शेपूट फक्त पाठ वाचवतं; पाय, चेन आणि मागून येणारा मित्र भिजतच राहतात. अनेक ब्रिटिश क्लबांत हिवाळी राइडला पूर्ण मडगार्ड लावून या असं बजावतात, ते उगीच नाही. एसकेएसच्या पट्टीत प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे ती आकार धरून राहते आणि सहज तडकत नाही. पुढचा मडगार्ड धरणाऱ्या काड्यांना सुटणारी क्लिप असते. चाकात काटकी अडकली तर मडगार्ड गोळा होऊन चाक जाम व्हायच्या आत क्लिप निसटते. स्वस्त संचात ही क्लिप नसेल तर तो संच घेऊच नका.

रुंदी टायरपेक्षा निदान १० मिलिमीटर जास्त हवी. बसवायला एक दुपार काढून ठेवा. फ्रेमवर ऍक्सलजवळ आटे पाडलेली भोकं असतील तर पाच मिलिमीटरचे बोल्ट, चार मिलिमीटरची ऍलन की, काम झालं. नसतील तर रबर चढवलेल्या पट्ट्या नळीभोवती आवळून काड्या त्यांना लावाव्या लागतात. मागे अडचण वेगळीच. पेडलजवळच्या नळ्यांमधला आडवा पूल बारीक टायरपासून दोन-अडीच सेंटिमीटर लांब राहतो, आणि मडगार्ड तिथवर ओढून आवळला की गोलाई बिघडून मधेच टायरला घासतो. मध्ये गुटका घाला. वाइनच्या बाटलीचं बूच आरपार भोक पाडून लावलं तर हिवाळाभर टिकतं. टायर आणि मडगार्डमध्ये सगळीकडे सारखं, १० ते १५ मिलिमीटर अंतर ठेवा. मागच्या मडगार्डची पुढची कड कधी पुढच्या डिरेलरच्या (चेन एका चक्तीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाच्या) पिंजऱ्याला लागते आणि लहान चक्तीवर चेन उतरत नाही. तिथे कात्रीने अर्धा इंच खाच पाडायची. काड्या बोल्टपाशी करवतीने कापून टोकांवर टोप्या घाला, नाहीतर पोटरी फाटेल. सगळ्या बोल्टना नायलॉनचे नट किंवा लॉकटाइट (आटे ढिले न होऊ देणारा गोंद) हवं. मडगार्ड खडखडू लागला म्हणजे एखादा बोल्ट ढिला झालाच आहे.

ब्रेक पाहताना आधी पिढी ओळखा. शिमानोचे व्ही-ब्रेक, म्हणजे लांब हातांचे आणि केबल एका बाजूने येणारे, १९९६ सालचे. त्याआधीच्या सायकलींवर बहुधा कँटिलिव्हर असतात (दोन्ही हात जोडणारी आडवी तार, तिला मधून वर ओढणारी केबल), आणि दोघांचे लिव्हर केबल वेगवेगळ्या लांबीने ओढतात. व्ही-ब्रेकच्या लिव्हरला कँटिलिव्हर जोडला तर लिव्हर दगडासारखा लागतो आणि सायकल मात्र थांबत नाही. कँटिलिव्हरच ठेवायचे तर मधली आडवी तार मडगार्डच्या वर मोकळी फिरते ना, ते पाहा. पुढची मुख्य केबल तुटली तर ही तार खाली पडून टायरमध्ये अडकते आणि चाक जागीच थांबतं. मडगार्ड तिला वरच्यावर झेलतो, हा त्याचा न सांगितला जाणारा फायदा.

रबर कूल-स्टॉप कंपनीचे, सॅमन (नारिंगी-गुलाबी) रंगाचे. ओल्या रिमवर ते काळ्या रबरापेक्षा लवकर पकडतात आणि खडीचे कण कमी रुतवून घेतात. रबराचं पुढचं टोक मिलिमीटरभर आधी टेकेल असं बसवा, किंचाळणं थांबतं. दर आठवड्याला रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण टाचणीने काढा. रिम खातात ते तेच. जुन्या रिमवर झिजेची खूण नसते. बाजूला पट्टी आडवी धरून पाहा. स्पष्ट खोलगा दिसला तर चाक बदला, हवेच्या दाबाने कड फाटते ती बहुधा उतारावर.

मग मीठ. रस्त्यावर टाकतात ते तपकिरी खडेमीठ, बरंचसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट ग्रीसशिवाय ठेवली तर वसंतात ती फ्रेमचाच भाग झालेली असते. म्हणून सीटपोस्ट आणि हँडलची दांडी काढून ग्रीस लावा, नळ्यांच्या आत वॅक्सॉइल (गंज रोखणारं मेण) फवारा, आणि पेडलच्या दांड्या फ्रेममध्ये जिथे फिरतात त्या मधल्या बेअरिंगखालचं पाणी निथळायचं भोक मोकळं करा. ते बेअरिंग बदलताना उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, विसरून जोर लावलात तर फ्रेम गेली. हबमधले छर्रे नव्याने भरा: मागे प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ, पुढे ३/१६ इंची दहा. राइडनंतर बादलीभर साधं पाणी ओता. दाबाच्या पाइपने धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीसच निघून जातं.

वाकडं रेसिंग हँडल बसवण्याचा मोह टाळा. या फ्रेम मुळात लांब. हात आणखी पुढे जातात, लिव्हर ब्रेकशी जुळत नाहीत, गिअरचे शिफ्टर पुढच्या डिरेलरशी जुळत नाहीत, आणि स्वस्त सायकल महाग होते. सरळ हँडलला टोकाशी शिंगं लावली की हाताला दुसरी जागा मिळते. खिळ्यांचे टायरही दक्षिणेत सहसा लागत नाहीत, बर्फाळ सकाळी घरी बसणं स्वस्त पडतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मात्र ते घ्या.

दिव्यांवर कंजुषी नको. डिसेंबरच्या मध्याला लंडनमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर कायद्याने लागतो. सायकल १ ऑक्टोबर १९८५ नंतरची असेल तर पेडलवर पिवळे रिफ्लेक्टरही. बुटाला चिकटणाऱ्या पेडलवर ते बहुधा नसतात, म्हणून जुनी सपाट पेडलं फेकून देऊ नका.