वैराग्य, तटस्थता की अनासक्ती? पोराच्या हाती वावर देताना

साठी उलटली, पोरगा कर्ता झाला, अन् मृगाच्या तोंडावर घरात रोजचा वाद: सोयाबीन की पऱ्हाटी? शेवटी कास्तकार वैतागून म्हणतो, "मले आता काहीच नोको. तूच पाह्य." हे 'काहीच नोको' नेमकं कोणतं, ते आधी ठरवा. इंग्रजीत सगळ्याला 'डिटॅचमेंट' म्हणून भागतं. फौजेच्या तुकडीला अन् डोळ्याचा पडदा सुटण्यालाही तोच शब्द. मराठीत भागत नाही.

वैराग्य म्हणजे रंगच उतरणं. 'राग'चा मूळ अर्थ रंग. ते झेपलं गाडगेबाबांना. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा १८७६ चा जन्म, घरदार सोडलं, गावोगाव धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःजवळ मात्र गाडगं अन् खराटा. आपलं बहुधा स्मशानवैराग्य, तेरवीच्या पंगतीपर्यंत टिकणारं. त्या भरात बक्षीसपत्र तर मुळीच करू नका. करायचंच असेल तर 'सांभाळ करील' ही अट दस्तात लिहून घ्या. मुलानं पुढे सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागताना हीच अट कामी येते.

तटस्थ म्हणजे काठावर उभा. ग्रामपंचायतीच्या दोन पॅनलांत हे बरं. पण बोंडअळी दिसत असताना "त्याचं तो पाहील" म्हणून खाटेवर बसलेला बाप तटस्थ नसतो, रुसलेला असतो.

उदासीन म्हणजे मुळात वर बसलेला. गीतेत तो गुण आहे. आज मात्र उदासीन म्हणजे मन खचलेला. त्यात जेवण-झोप उडाली असेल, तर शब्द शोधू नका, डॉक्टर गाठा.

माझा कौल अनासक्तीला. गांधीजींनी आपल्या गीतेच्या गुजराती अनुवादाला 'अनासक्तियोग' नाव दिलं, अन् १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहायला आले तेही कामं घेऊनच. म्हणजे काम चालू, हट्ट बंद. सकाळी धुऱ्यावर जायचं, अळी दिसली तर सांगायचं, फवारणी कधी ते पोरगा ठरवील. भाव पडला तर "मी म्हटलं होतं" हे गिळायचं. गिळवत नाही, हे मीही सांगतो.

आमच्या शेजारची काकू बिब्बे फोडून गोडंबी काढते. बसण्याआधी बोटांना राख चोळते. तरी तेल कुठं ना कुठं लागतंच, मनगटावर काळा चट्टा उठतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा राख घेऊन बसते.