गंगापूर रोडवरील अभ्यासवर्ग : ‘दुसऱ्या देशाच्या राजकारणातील हस्तक्षेप’

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांचे वर्ग पुष्कळ आहेत, पण आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय तेथे बहुधा चालू घडामोडींच्या टिपणांपुरताच उरतो. गंगापूर रोडवरील एका अभ्यासिकेने दर शनिवारी सायंकाळी भरणारा, दोन महिन्यांचा आणि एकाच प्रश्नाला वाहिलेला वर्ग सुरू केल्याचे कळताच मी नाव नोंदवले. एका देशाने दुसऱ्या देशाच्या अंतर्गत राजकारणात कोणत्या अधिकाराने हात घालावा, आणि तसा हात घातला गेला आहे हे सिद्ध कशाने करावे, हा तो प्रश्न. वर्ग अतिशय चांगला आहे. त्यात एक गंभीर उणीव आहे आणि तिच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

शिकवणारे सर राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. समोर लोकसेवा आयोगाची तयारी करणारी मुले, काही शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले दोघेतिघे आणि देवळालीत स्थायिक झालेले एक माजी सुभेदार असा मिश्र वर्ग होता. सरांनी सुरुवात घटनांपासून न करता कायद्यापासून केली, हे मला विशेष आवडले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(७) हे अंतर्गत बाबींत ढवळाढवळ करण्यास बंदी घालते, असे उत्तर परीक्षेत सर्रास लिहिले जाते. ते कलम मुळात संयुक्त राष्ट्रे या संघटनेवर बंधन घालते. राष्ट्रांनी एकमेकांच्या कारभारात हस्तक्षेप करू नये हे तत्त्व बळाच्या वापराविषयीचे कलम २(४), आमसभेचे १९६५ आणि १९७० चे जाहीरनामे आणि रूढ आंतरराष्ट्रीय कायदा यांतून उभे राहते. मूळ मजकूर छापून हातात दिला होता आणि तो वर्गात ओळीओळीने वाचून घेतला गेला.

सर्वांत सरस ठरले ते चिलीवरचे सत्र. डाव्या विचारांचे साल्वादोर आयेंदे १९७० मध्ये चिलीचे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करी उठावात त्यांचे सरकार कोसळले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. सरांनी गुप्तचर संस्थांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीचा १९७५ चा अहवाल समोर ठेवला. १९६४ च्या निवडणुकीत आयेंदे यांच्या विरोधातील ख्रिश्चन डेमोक्रॅट उमेदवारासाठी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने २६ लाख डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली आणि ती त्या उमेदवाराच्या एकूण प्रचारखर्चाच्या निम्म्याहून थोडी जास्त होती. पुढे १९७० पासून उठावापर्यंत ८० लाख डॉलर ओतले गेले. सेनाप्रमुख रेने श्नायडर हे लष्कराने राज्यघटनेला बांधील राहावे या मताचे होते. ऑक्टोबर १९७० मध्ये त्यांच्या अपहरणाच्या प्रयत्नात त्यांना गोळ्या लागून त्यांचा मृत्यू झाला, आणि असे बेत करणाऱ्या लष्करी गटांशी सीआयएचा संपर्क होता. एवढे सगळे मांडून झाल्यावर त्याच अहवालातील एक निष्कर्ष सरांनी फळ्यावर लिहिला : १९७३ च्या उठावात अमेरिकेचा थेट सहभाग होता, याचा पुरावा समितीला मिळाला नाही. वर्गात कुजबुज झाली. सर म्हणाले, “जे सिद्ध झाले आहे तेच पुरेसे गंभीर आहे. त्यात आपल्या मनाची भर घातली, तर सिद्ध झालेलेही लोक खोटे मानतील.” परकीय हाताविषयी आपल्याकडे ज्या सहजतेने बोलले जाते, ते पाहता ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

इराणमध्ये तेल कंपनीचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोसाद्देघ यांना १९५३ मध्ये हटवण्यात आले, त्या सत्रातही हीच शिस्त होती. त्या कटातील आपला वाटा सीआयएने २०१३ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांत मान्य केला आहे. मग सोव्हिएत रशियाकडे वळताना सूर जराही मवाळ झाला नाही. सोव्हिएत सैन्य घुसले ती हंगेरी १९५६ आणि चेकोस्लोव्हाकिया १९६८ ही दोन्ही उदाहरणे त्याच फुटपट्टीने मोजली गेली. चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये रणगाडे शिरले ते स्थानिक नेत्यांच्या ‘निमंत्रणावरून’, असा मॉस्कोचा दावा होता. निमंत्रणाचे ते पत्र खरोखरच होते आणि पुढे १९९२ मध्ये ते चेकोस्लोव्हाकियाच्या स्वाधीन करण्यात आले. मात्र सही करणारे मूठभर कट्टर नेते म्हणजे त्या देशाचे सरकार नव्हते. निमंत्रण देण्याचा अधिकार नेमका कोणाचा, यावर झालेली चर्चा ठरलेल्या वेळेच्या बरीच पुढे गेली आणि कोणीही जागचे उठले नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे ही वृत्ती या विषयात सर्वांत आधी डोके वर काढते. वर्गाने तिला येथवर थारा दिला नव्हता.

निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात भरलेल्या खटल्याच्या सत्रात निफाड तालुक्यातील एका कांदा उत्पादकाच्या मुलाने प्रश्न विचारला : “सर, २०१९ च्या सप्टेंबरात आपण कांद्याची निर्यात बंद केली आणि बांगलादेशात भाव भडकले. मग हाही हस्तक्षेपच का?” लासलगावच्या बाजारात भाव पडल्याची झळ घरात सोसलेल्या मुलाचा हा प्रश्न होता आणि सरांनी त्याला पूर्ण न्याय दिला. २७ जून १९८६ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सक्ती हे निषिद्ध हस्तक्षेपाचे सार मानले. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांना अमेरिकेने शस्त्रे आणि प्रशिक्षण देणे त्यात बसले. अमेरिकेने मदत थांबवणे आणि व्यापारबंदी घालणे हे मात्र न्यायालयाने हस्तक्षेपबंदीच्या रूढ तत्त्वाचा भंग मानले नाही. व्यापारबंदीने १९५६ च्या द्विपक्षीय मैत्री कराराचा भंग झाला, असे वेगळे ठरवले. देशांतर्गत भाव आवरण्यासाठी घातलेली निर्यातबंदी शेतकऱ्याच्या दृष्टीने अन्यायकारक असू शकते, तरी दुसऱ्या देशाचा राजकीय निर्णय बदलवून घेण्याचा हेतू नसेल तर तिला हस्तक्षेप म्हणता येत नाही, असे सरांचे उत्तर होते. मुलाने लगेच विचारले, “आणि नेपाळचे?” त्यावर, ते भारताच्या सत्रात घेऊ, असे सांगण्यात आले.

भारताचे ते सत्र शेवटून दुसऱ्या शनिवारी झाले आणि तेथेच माझी तक्रार आहे. १९५४ च्या पंचशील करारापासून मालदीवमधील १९८८ च्या कारवाईपर्यंत सर्व काही एका सायंकाळी उरकण्यात आले. १९७१ च्या युद्धाविषयी एक कोटीच्या आसपास निर्वासितांचे ओझे आणि पूर्व पाकिस्तानातील अत्याचार नीट सांगितले गेले. पण ७ डिसेंबर १९७१ रोजी आमसभेने युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत केला होता, हे टिपणात असूनही वर्गात उच्चारले गेले नाही. भारताची बाजू मला न्याय्य वाटते, आणि म्हणूनच तिच्यावरील सर्वांत कठीण आक्षेप विद्यार्थ्यांपुढे यायला हवा होता. नेपाळच्या सीमेवर २०१५ मध्ये राज्यघटना लागू झाल्यानंतर झालेल्या मालवाहतुकीच्या कोंडीला दोन वाक्ये मिळाली : नेपाळने भारताला दोष दिला, भारताने इन्कार केला. हेतू आणि सक्ती यांची जी कसोटी कांद्याला लावली, ती येथे लावलीच नाही. श्रीलंकेतील शांतिसेनेचा विषय निघाला तेव्हा जाफन्यात कर्तव्य बजावलेल्या सुभेदारांनी हात वर केला. जुलै १९८७ च्या करारानुसार, तेथील सरकारच्या संमतीने गेलेल्या आपल्या सैन्याला पुढे तमिळ बंडखोर आणि सिंहली राष्ट्रवादी हे दोघेही परके मानू लागले, आणि १९९० मध्ये ते परत आले तोवर अकराशेहून अधिक जवान कामी आले होते. “आम्हाला बोलावले कोणी आणि जायला सांगितले कोणी, एवढे तरी या मुलांना कळू द्या,” असे सुभेदार म्हणाले. वेळ संपल्याचे सांगून त्यांना थांबवले गेले. प्रागसाठी जी मुभा मिळाली ती जाफन्यासाठी मिळायला हवी होती.

रशियाकडून २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत समाजमाध्यमांवर झालेली मोहीम आणि डिसेंबर २०२४ मध्ये रोमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केलेली अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरी, हे शेवटचे सत्र माहितीपूर्ण होते, मात्र त्यातील बरेचसे वर्तमानपत्रात वाचलेले होते.

शुल्क दोन हजारांच्या आत आहे आणि टिपणांची गुणवत्ता पाहता ते वाजवी आहे. खोली हवेशीर आहे. मागच्या रांगेत आवाज नीट पोहोचत नाही, तेव्हा थोडे लवकर जाऊन पुढे बसावे. मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. भारताच्या सत्राला किमान दोन शनिवार द्यावेत आणि त्यातील एकाचा निम्मा वेळ श्रीलंकेसाठी राखून सुभेदारांना बोलू द्यावे, असे मी अभिप्रायाच्या अर्जावर लिहून दिले आहे. सरांनी तो अर्ज माझ्यासमोर वाचला आणि नव्या वेळापत्रकात तसा बदल करण्याचे मान्य केले आहे.