हेट्झनर की ओव्हीएचक्लाउड : युरोपीय ग्राहकाच्या कामासाठी निवड करताना

युरोपातील ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या छोट्या कंपन्यांसमोर हल्ली करारातच एक अट येते : डेटा युरोपीय क्लाउड पुरवठादाराकडेच, म्हणजे भाड्याने सर्व्हर देणाऱ्या युरोपीय कंपनीकडेच ठेवावा. २०१८ च्या अमेरिकी क्लाउड कायद्यामुळे अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती, ती फ्रँकफर्टमध्ये साठवलेली असली तरी, अमेरिकी तपास यंत्रणांना मागवता येते. शिवाय युरोपीय न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रायव्हसी शील्ड’ ही युरोपातील वैयक्तिक माहिती अमेरिकेत पाठवण्याची व्यवस्था रद्द ठरवल्यापासून ग्राहक अधिक सावध झाले आहेत. ही अट पाळायची झाल्यास हेट्झनर आणि ओव्हीएचक्लाउड ही दोन नावे हमखास पुढे येतात.

हेट्झनर ही १९९७ साली स्थापन झालेली जर्मन कंपनी असून न्यूरेंबर्ग, फाल्केनश्टाइन आणि हेलसिंकी ही तिची युरोपातील ठिकाणे आहेत. स्वस्त दर ही तिची ख्याती आहे आणि ती रास्तही आहे. युरोपातील क्लाउड सर्व्हरसोबत दरमहा किमान २० टेराबाइट ट्रॅफिक (डेटाची ने-आण) मिळते. मात्र येथे मिळतो तो मुख्यतः सर्व्हर, डिस्क, नेटवर्क आणि ऑब्जेक्ट स्टोरेज (फायली साठवण्याची वेगळी सेवा). पोस्टग्रेस हा डेटाबेस किंवा अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी कुबेरनेटीज ही प्रणाली आपणच उभारायची, आपणच अद्ययावत ठेवायची आणि मध्यरात्री बंद पडली तर आपणच उठायचे. दरपत्रकांची तुलना करताना या जागरणाचा खर्च सहसा कोणी धरत नाही.

१९९९ साली ऑक्टाव्ह क्लाबा यांनी फ्रान्समधील रूबे येथे सुरू केलेल्या ओव्हीएचक्लाउडकडे व्यवस्थापित, म्हणजे देखभाल कंपनीच करते असे, डेटाबेस आणि कुबेरनेटीज दोन्ही आहेत. फ्रान्समध्ये रुग्णांची माहिती साठवण्यासाठी लागणारे ‘एचडीएस’ प्रमाणपत्रही तिच्याकडे आहे. ग्राहक फ्रेंच रुग्णालय असेल, तर आधी हे प्रमाणपत्र पाहावे, दराची चर्चा त्यानंतर करावी. सेवांची यादी लांब असल्याने कोणती सेवा कोणत्या शहरात मिळते, हे मात्र आधी तपासावे लागते.

१० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएचचे एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळाले आणि बॅकअपही त्याच आवारात असलेल्या अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. या एका घटनेवरून ही कंपनी बाद ठरवणे मला पटत नाही, कारण तोच धोका हेट्झनरच्या ग्राहकालाही आहे. हेट्झनरचे स्वयंचलित बॅकअप सर्व्हरच्या किमतीच्या २० टक्के जादा दराने मिळतात, पण ते त्या सर्व्हरशी बांधलेले असतात. सर्व्हर काढून टाकला की तेही जातात. म्हणून कोणाचीही निवड केली, तरी एक प्रत दुसऱ्या शहरात, शक्यतो दुसऱ्याच पुरवठादाराकडे ठेवावी आणि ती परत उभी करून पाहावी.

चमूत लिनक्स ही सर्व्हरवरील कार्यप्रणाली नीट जाणणारे दोघे असतील, तर मी हेट्झनर सुचवेन. एकच असेल आणि तोच प्रोग्रॅमही लिहीत असेल, तर ओव्हीएचचा व्यवस्थापित डेटाबेस जादा पैसे देऊनही स्वस्त पडेल.

वापरकर्ते महाराष्ट्रातही असतील, तर ओव्हीएचचे मुंबईत डेटा सेंटर आहे. हेट्झनरचे सर्वांत जवळचे ठिकाण सिंगापूर असून तेथे सर्व्हरसोबतचे ट्रॅफिक युरोपापेक्षा बरेच कमी मिळते. हेट्झनरकडे नवे खाते उघडताना ओळखपत्राची पडताळणी मागितली जाऊ शकते, तेव्हा ते काम ग्राहकाला तारीख देण्यापूर्वीच उरकून घ्यावे.