ॲपिस्टोच्या प्लांटेड टँकचं रेडी पॅकेज घेताय? आधी हे वाचा

पुण्यात प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणझाडं लावलेला फिश टँक, सेट करून देतो म्हणून पॅकेज विकणाऱ्या एकाने मला व्यवस्थित गंडवलंय, आणि आता माझ्याच टँकचा पहिल्या दिवशीचा फोटो तो नवीन गिऱ्हाईकांना पाठवतोय असं ओळखीच्यांकडून कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. नाव टाकत नाही कारण तक्रार केलेली आहे, पण पद्धत सांगते, असं करणारा तो एकटा नसणार.

पॅकेज असं होतं, दोन फुटी टँक, ॲक्वासॉइल (तळाला टाकायची खास दाणेदार माती), झाडं, ड्रिफ्टवूड, लाइट, झाडांसाठी सीओटू गॅस आणि ड्वार्फ सिक्लिड या छोट्या माशांच्या दोन जोड्या, एक रॅमची आणि एक ॲपिस्टोग्रामा ककाटुओइडिसची (ॲपिस्टो म्हणतात तो हाच). २८ हजार, त्यातले सत्तर टक्के आधी. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल मॅडम, उगाच महाग पडेल. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०० च्या वर जातो, हे मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. त्यावर उत्तर, सॉइल पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कली ते सांगणारा आकडा) खाली आणतं, टेन्शन घेऊ नका. आता यात मेख अशी की हे अर्धं खरं आहे, चांगलं ॲक्वासॉइल पाणी मऊ आणि थोडं आम्लधर्मी करतंच, फक्त इतक्या जड पाण्यात त्याचा दम लवकर संपतो, त्यामुळे आरओचं पाणी मिसळावंच लागतं. ते त्याने सांगितलं नाही, आणि मुळात पूर्ण सॉइलच नव्हतं.

सॉइल आलं एका बिननावाच्या पांढऱ्या पोत्यातून. ओरिजिनल बॅग कुठाय विचारलं तर होलसेलची मोठी बॅग असते, आम्ही सुटं करतो. वरून काळे गोल दाणे, दिसायला एकदम बरोबर. नंतर सगळं उपसलं तेव्हा कळलं, वर बोटभर थर सॉइलचा आणि खाली काळा रंग दिलेल्या मार्बल चिप्स. मूठभर वाटीत घेऊन चोळल्या तर बोटं काळी झाली, आतला पांढरा दगड दिसायला लागला, आणि वर व्हिनेगर ओतलं तसं फसफसायला लागलं. व्हिनेगरने बुडबुडे आले म्हणजे त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे, ते पाण्यात हळूहळू विरघळत राहतं आणि पीएच, हार्डनेस दोन्ही चढवतं. दक्षिण अमेरिकेतल्या या माशांना पीएच सहा-साडेसहाच्या आसपास हवा, माझ्या टँकमध्ये लिक्विड टेस्ट किटने मोजला तर आठ. ही व्हिनेगरची टेस्ट दोन मिनिटांची आहे, कुठलाही तळाचा माल टँकमध्ये जायच्या आधी करा, समोरचा नाही म्हणाला तर माल परत पाठवा.

मासे तो दुसऱ्याच दिवशी घेऊन आला. मी म्हणाले सायकलिंगला (अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार व्हायला) महिना-दीड महिना लागतो ना, तर एक बाटली काढली, यात रेडी बॅक्टेरिया आहेत, आजच सोडू, माझी सात दिवसांची गॅरंटी. आता हे एकमेकांत कसं अडकतं बघा. नवीन टँकमध्ये माशांच्या घाणीतून अमोनिया साठणारच, आणि पीएच एकाने चढला की त्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणजे पीएच सातला मासा जेवढा अमोनिया कसाबसा सोसेल तेवढाच आठला त्याला मारतो. रॅम जेमतेम इंचभर होते पण रंग असा भडक की पूर्ण वाढलेल्या माशालाही लाजवेल, एवढ्या लहान रॅमला एवढा रंग म्हणजे हार्मोन देऊन रंग आणल्याचा संशय घ्यायचाच, आणि चारेक दिवसांत ते फिकट पडलेच. आठवडा उलटल्यावर वरती येऊन धापा टाकायला लागले. दोन्ही गेले. गॅरंटी नुकतीच संपलेली. फोन केला तर तुमचं पाणी खराब आहे, औषध घ्या, त्याचे वेगळे १२०० रुपये. मुक्या जिवांना असं माहीत असून मरायला सोडणाऱ्या माणसाचा मला अजून संताप येतो, पैशांपेक्षा जास्त त्याचा.

ककाटुओइडिसची जोडी पेरूहून आलेली वाइल्ड कॉट (नदीतून पकडलेली) ट्रिपल रेड म्हणून लावली होती. ट्रिपल रेड हा ब्रीडर लोकांनी पिढ्यानपिढ्या निवडून तयार केलेला प्रकार आहे, नदीत तसा मासा सापडत नाही, त्यामुळे हे दोन शब्द एकत्र ऐकले की तिथेच व्यवहार थांबवा. आणि जोडी तर नव्हतीच. दबलेला लहान नर मोठ्या नरासमोर रंग लपवून मादीसारखाच राहतो, तो मादी म्हणून दिलेला. मोठा त्याला सारखा मारत होता म्हणून वेगळा केला तर या लहानाच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब व्हायला लागले, शेपटीत केशरी ठिपके आले. ककाटुओइडिसच्या मादीच्या पोटाखालच्या परांची पुढची कड बहुतेक वेळा काळी असते, ती बघा, आणि शक्यतो पिवळीधमक झालेली, पिल्लं सांभाळणारी मादी डोळ्याने बघूनच घ्या. ॲपिस्टोची पिल्लं गरम पाण्यात वाढली की नर जास्त निघतात, आपल्याकडे माद्या कमी पडतात आणि असे नर खपवले जातात ते त्यामुळेच असावं असं मला वाटतं.

झाडांचं तर आमच्या माळीकाकांनीच सांगितलं. कुंड्या उचलायला घरात आले होते, टँककडे बघून म्हणाले, "ताई, ही आपली बॉर्डरची झाडं पाण्यात कशाला बुडवली? सडतील ना." खाली नेऊन दाखवलं, वॉकिंग ट्रॅकच्या कडेने लावलेलं मोंडो ग्रास, तेच पान, तेच गाठीगाठींचं मूळ. टँकमध्ये ते जपानी ॲक्वाटिक ग्रास म्हणून आलं होतं. मागे उभ्या काड्या लावलेल्या तो लकी बांबू, जांभळ्या पानांचं ते पर्पल वॅफल. ही सगळी जमिनीवरची झाडं, पाण्याखाली काही आठवडे हिरवी दिसतात आणि मग बुडापासून सडायला लागतात, सडताना अमोनिया आणखी वाढवतात. घेताना ॲन्युबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशी नावानिशी मागा आणि प्रत्येकाचं नाव चॅटवर लिहून घ्या.

आता दोन्ही नर वेगवेगळ्या टँकमध्ये आहेत, साधी धुतलेली वाळू, अर्धं आरओचं पाणी, खातायत व्यवस्थित. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केलीय. बिल नाही, पण कोटेशनचे मेसेज, मार्बल चिप्सचा व्हिडिओ आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत. पैसे त्याच्या नावावर न जाता तिसऱ्याच कुणाच्या खात्यात गेलेत. तुमचेही असेच गेले असतील तर चॅट डिलीट करू नका आणि तुमच्या नावाने वेगळी तक्रार टाका.